न मोजलेला मंगळवार

पुण्याच्या पश्चिमेला, बाह्यवळण रस्त्यावर, एका गावाजवळ एक थांबा आहे. त्याला सगळे सरपंच फाटा म्हणतात. रिक्षावाले म्हणतात, कंपन्यांच्या बसचे ड्रायव्हर म्हणतात, खोल्या भाड्याने देणाऱ्यांच्या पाट्यांवरही तेच असतं. आयटीत काम करणाऱ्या मुलांना वाटतं, कुणा भल्या सरपंचाची आठवण म्हणून हे नाव दिलं असावं. गावातल्या जुन्या माणसांना विचारलं तर ती सांगतात, सरपंचाने इथला बोगदा विकला म्हणून हे नाव.

सरपंचांनी काहीही विकलं नव्हतं. हे स्वतः पाहिलेला मी एकटाच राहिलो आहे आणि माझंही वय झालं आहे. म्हणून लिहितो. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. मी एका खाजगी सल्लागार कंपनीत होतो. कंपनी म्हणजे कोथरूडमधल्या एका इमारतीचा वरचा मजला, काही ड्रॉइंग बोर्ड, एक टेलिफोन आणि आमचे साहेब. तोपर्यंत रस्त्यांची असली कामं सरकारी खात्यातच व्हायची, आता ती बाहेर द्यायला लागले होते. वर्तमानपत्रांत रोज नवीन धोरण, परकीय भांडवल, मुक्त बाजार असले शब्द यायचे. आम्हाला त्यातलं एवढंच कळत होतं की काम भरपूर आहे आणि पगार वेळेवर होतो आहे.

शहराला वळसा घालून महामार्ग जायचा होता. त्याची रेघ नकाशावर आधीच पडलेली होती. ही रेघ जिथे जिथे गावांच्या वाटा कापत होती तिथे बसून माणसं, बैलगाड्या, जनावरं किती जातात-येतात ते मोजायचं आणि अहवाल द्यायचा, हे माझं काम. रहदारी पुरेशी असेल तर तिथे रस्त्याखालून बोगदा सुचवायचा. नसेल तर पुढच्या बोगद्याकडे बोट दाखवायचं. मोजणी कामाच्या दिवशी करायची असा नियम होता. रविवार चालत नसे, आणि ते मला योग्यच वाटायचं. रविवारी कोण कामाला जातं?

मी सोमवारी गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. माझ्या आठवड्यात तो दिवस मोकळा होता, एवढंच त्याचं कारण.

रेघेच्या एका बाजूला गावठाण होतं आणि दुसऱ्या बाजूला गावाची जवळजवळ सगळी शेती. मधून गाडीवाट. जिथून महामार्ग जायचा होता तिथे चुना फासलेले दगड रांगेने बसवलेले होते. मी बाभळीखाली ऑफिसची घडीची खुर्ची मांडली, मांडीवर पॅड घेतलं आणि बसलो. भातकाढणीचे दिवस होते. समोरच्या खाचरांत कापलेलं भात आडवं पडलेलं दिसत होतं, पण ते उचलायला माणूस नव्हतं. सकाळभरात सायकलवरून पोस्टमन गेला, एक बाई शेळीमागे धावत गेली आणि कुत्री आली-गेली. मला बरंच वाटत होतं. ऊन कोवळं होतं, काम सोपं होतं. हे गाव बहुधा शहरात नोकरीला जात असावं, शेती सुटत चालली असावी, असा निष्कर्षसुद्धा मी मनातल्या मनात काढून ठेवला.

उन्हं वर आल्यावर एक गृहस्थ आले. धोतर, टोपी, एका हातात किटली, दुसऱ्या हाताच्या बोटांत दोन कप अडकवलेले. गावचे सरपंच. माझ्यापेक्षा थोडे मोठे असतील. समोरच्या दगडावर बसत म्हणाले,

"काय मोजताय साहेब?"

"जाणारी-येणारी माणसं. गाड्या."

त्यांनी मान वाकडी करून माझ्या पॅडकडे पाहिलं आणि हसले. "आज तुमाला आमची कुत्रीच मोजाया मिळत्याल."

"का?"

"सोमवार न्हाई का आज! आमच्या गावात सोमवारी औत धरत न्हाईत. बैलाला जू न्हाई, बायांना खुरपं न्हाई. म्हादेवाचा वार हाय. समदी घरी झोपल्यात, न्हाईतर देवळात पत्ते कुटत्यात."

"देवळात पत्ते?"

"मंग? देवालाबी कोन हाय खेळाया दुसरं?"

मी हसलो. म्हणालो, "म्हणजे आज इथून कुणीच जाणार नाही?"

"तुमी जेवाया गेला तर तुमीच."

मग त्यांनी विचारलं, ही मोजणी कशाला. मी बोगद्याचं सांगितलं. कप खाली ठेवून ते उठून उभेच राहिले. "आवो, मग हे काय खरं न्हाई. समदं गाव रोज हितनं तिकडं जातंय. हितं बोगदा न्हाई झाला तर गाव येकीकडं आन् पोट येकीकडं. उद्या या तुमी. उद्या बघा, मोजून मोजून हात दुखत्याल."

"येतो उद्या."

"नक्की?"

"नक्की. ही खुर्ची तुमच्याकडेच ठेवून जातो."

खुर्ची ठेवून जायची कल्पना माझीच होती. त्यांना ती फार आवडली. त्यांनी खुर्ची मिटली, खांद्यावर टाकली आणि मला गाडीवाटेच्या टोकापर्यंत पोचवायला आले.

घरी आलो तर बायको उद्याच्या तयारीत होती. तेव्हा आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो आणि कोथरूडमध्येच एका नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला होता. त्याचा ताबा अनेक महिने लांबला होता. तो लवकर मिळावा म्हणून तिने नवस बोलला होता आणि त्याच आठवड्यात किल्ली हातात आली होती.

"अहो, उद्या अंगारकी आहे, लक्षात आहे ना? लवकर निघू. रांग लांब असते."

"उद्या मला साइटवर जायला हवं होतं."

"रजा घेतली आहे ना तुम्ही? घेऊन झालेली रजा परत करायची म्हणजे ऑफिसला लॉटरीच."

मी म्हटलं, बुधवारी जाऊ गावाला. एका दिवसाने काय होतं? मंगळवारी आम्ही बुधवार पेठेत गणपतीच्या रांगेत उभे होतो. रांग हलत नव्हती. पुढे एक बाई शेजारणीला नव्या मिक्सरचं कौतुक सांगत होती. मला गावाची आठवण आलीच नाही असं मी म्हणणार नाही. एकदा आली. कुणीतरी तिथे बाभळीखाली उभं असेल, असं वाटलं. मग रांग हलली आणि आम्ही पुढे सरकलो.

बुधवारी सकाळी ऑफिसात पाय ठेवला तर साहेब माझ्याच टेबलाशी उभे. अहवाल दुपारी मुंबईला जायचा होता.

"मोजणी झाली?"

"झाली, पण सोमवारी केली. त्या गावात सोमवारी..."

"सोमवारी काय? सोमवार कामाचा दिवस असतो. का तुमच्या कॅलेंडरात तो लाल आहे?"

"सर, तिथे सोमवारी औत धरत नाहीत. महादेवाचा वार पाळतात."

"अहो, मग काय करू या? प्रत्येक गावच्या देवाला विचारून हायवे काढू या का? महादेवांना मिटिंगला बोलवा. येताना नंदी कुठे पार्क करणार तेही विचारा."

सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं मला अजून आठवतं, कारण ते खोटं नव्हतं. मला खरंच हसू आलं होतं. साहेबांनी पॅडवरचे कागद काढून घेतले आणि मी ते दिले. मी काल रजेवर होतो, देवाला गेलो होतो, आजच्या आज गेलो तर संध्याकाळी मोजणी आणून देतो, यातलं एक वाक्यही मी बोललो नाही. बोललो असतो तर साहेब कदाचित चिडले असते आणि कदाचित थांबलेही असते. ते वाईट नव्हते. त्यांनी मला खोटं लिहायला सांगितलं नव्हतं. कागदावर होतं ते सगळं खरंच होतं. त्या दिवशी त्या वाटेने खरोखर कुणी गेलं नव्हतं.

खुर्चीचं काय झालं, हे ऑफिसात कुणी विचारलं नाही. मी पुन्हा त्या गावाला गेलो नाही.

मग रस्ता झाला. भराव घातला गेला, उंच, गावाच्या कौलांपेक्षाही उंच. त्या गाडीवाटेवर बोगदा झाला नाही. तो झाला बराच पुढे, जिथे त्या वेळी फक्त माळ होता. काही वर्षांनी त्याच माळावर मोठी गृहयोजना उभी राहिली. रस्त्याच्या कडेला आधी धाबे आले, मग गोदामं, मग प्लॉटिंगच्या पाट्या, मग काचेच्या इमारती. आमच्या कंपनीत कॉम्प्युटर आले, ड्रॉइंग बोर्ड माळ्यावर गेले. माझा पगार वाढला. कोथरूडमध्ये आमच्या सोसायटीसमोरची रिकामी जागा बांधकामाने भरली आणि दोन चाकांना जागा मिळेना इतक्या गाड्या आल्या. पाहुणे आले की मी त्यांना बाह्यवळणावरून फिरवून आणायचो आणि म्हणायचो, हा रस्ता आम्ही केला. आम्ही, असंच म्हणायचो.

त्या गावावरून जाताना मी उजव्या हाताला, शहराकडे बघायचो. गाव डाव्या हाताला होतं.

माझी मुलगी इंजिनिअर झाली आणि रस्त्यापलीकडच्या एका आयटी कंपनीत लागली. एकदा तिच्या मैत्रिणीसाठी खोली बघायची होती म्हणून मीही बरोबर गेलो. रिक्षावाला ओरडला, "सरपंच फाटा!" आणि आम्ही उतरलो. मी जागा ओळखली नाही. बाभूळ नव्हती. रस्त्याच्या दुभाजकात लोकांनी लोखंडी कठडा वाकवून एक फट केली होती आणि त्यातून माणसं हात दाखवत, गाड्या थांबवत पलीकडे पळत होती. फटीजवळ चहाची टपरी. टपरीवर पन्नाशीच्या घरातली एक बाई होती.

मुलीनेच विचारलं, "काकू, सरपंच फाटा का म्हणतात ओ? फेमस होते का ते?"

"फेमस? फेमसच," बाई म्हणाली. आणि चहा गाळता गाळता तिने सगळं सांगितलं. तिने ते शेकडो वेळा सांगितलेलं असणार. शब्द कुठे अडत नव्हते.

"बोगदा हितं व्हायचा व्हता. सायब मोजाया आला, त्यो सोमवारी. सोमवारी कुत्रं बी न्हाई जात शेतात. आन् संगं चा प्यायला कोन? सरपंच. दोगं बसल्याले हसत. येका बाईनं शेळी घिऊन माघारी येताना बघितलं. संध्याकाळी हा बाबा गावात सांगतोय, उद्या सायब परत येनार हाय, समद्यांनी भायेर पडा, बैलं काढा, गाड्या काढा. खुर्ची दावली. ही बघा सायबाची खुर्ची. झालं. मंगळवारी फाटंपासनं समदं गाव हितं. खुर्ची मांडली बाभळीखाली. आमी बाया डोक्यावर भारे घेऊन गेलो. भारा टाकला, परत आलो, परत उचलला. गाड्या गेल्या, पोरं गेली. माझा सासरा काठी टेकत तीनदा गेला न् तीनदा आला. म्हनं मला सहा धरत्याल. हसायला नुसतं. आन् खुर्ची मोकळी."

"मग?"

"मग काय. सरपंच म्हनतोय, थांबा, येत आसल, वाटंत आसल. दिवस बुडाला. तवा कळलं लोकांना. सोमवारीच बोलवून मोजनी उरकून घेतली आन् मंगळवारी आमाला नाचवलं. बोगदा गेला तिकडं बिल्डरच्या दारात. फुकट जातोय व्हय?"

मुलीने चहाचा ग्लास तसाच धरला होता. "ओ माय गॉड. किती चीप माणूस!"

"माझं मालक ह्याच ठिकाणी गेलं," बाई म्हणाली. तिने फटीकडे हात केला. "म्हशी घेऊन येत व्हते. दिवेलागनीला. ट्रकवाला थांबला बी न्हाई. तवापासनं सरपंचाच्या घरचं पानी न्हाई प्याले म्या. मरंस्तवर त्यो सरपंच म्हनत व्हता, म्या न्हाई बोलावला, सायब आपसूक आला. कोन ऐकतंय?"

मी त्या वेळी बोलायला हवं होतं. ती माझ्या हातभर अंतरावर होती. तिने माझ्या हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि मी तो घेतला. मुलगी म्हणाली, "बाबा, चला, उशीर होतोय," आणि मी चाललो. पहिल्या वेळी मी चुकलो असं म्हणता येईल. दुसऱ्या वेळी मला सगळं माहीत होतं.

त्यानंतर मला ते दिसायला लागलं. रात्री, स्वप्नात वगैरे नाही. भर दुपारी गॅलरीत बसलो की. सोसायटीच्या फाटकातून माणसं जातात-येतात आणि मी नकळत मोजायला लागतो. मोजता मोजता खाली डांबर राहत नाही, गाडीवाट होते. बायका भारे घेऊन जातात, भारा टाकून तशाच परत येतात, पुन्हा उचलतात. एक म्हातारा काठी टेकत येतो आणि माझ्याकडे बघून थोडा थांबतो, मोजलं का, असं विचारल्यासारखा. मी ज्या दिवशी तिथे नव्हतो तो दिवस मला दिसतो. ज्या दिवशी होतो तो नीट आठवतही नाही. बायको विचारायची, "अहो, ओठ काय हलताहेत? जप करताय का?" मी हो म्हणायचो. ती गेली तेव्हा तिला हेच ठाऊक होतं की नवरा म्हातारपणी देवभोळा झाला.

मी स्वतःला बरंच काही समजावलं. शेवटचा निर्णय वरच्यांचा होता. मंगळवारची मोजणी दिली असती तरी बोगदा झाला असता याची खात्री नव्हती. हे खरंही असेल. पण सरपंचांवरचा आळ माझ्या एका वाक्याने पुसला गेला असता, आणि ते वाक्य बोलायला कुणाची मंजुरी लागत नव्हती.

अलीकडे ती हद्द महापालिकेत आली. मागच्या वर्षी बसने जाताना मी पाहिलं, फाट्यावर नवीन चकचकीत थांबा बांधला आहे आणि त्यावर निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं आहे, सरपंच फाटा. आतापर्यंत ती लोकांच्या तोंडची गोष्ट होती. आता ती पत्त्यात जाणार, नकाशात जाणार. मी पुढच्या थांब्यावर उतरलो, चालत मागे आलो, आणि हिंमत न होऊन घरी गेलो. असं आणखी एकदा झालं. मग एका सकाळी टपरीपर्यंत पोचलो.

टपरीचं आता पत्र्याचं दुकान झालं आहे. बाई म्हातारी झाली आहे, सून गल्ल्यावर बसते. मी चहा मागितला नाही. म्हणालो, "बाई, मोजायला आलेला साहेब मी."

"कसलं मोजाया? मीटर?"

"बोगद्याचं. सोमवारी आलो होतो. मला सरपंचांनी बोलावलं नव्हतं. ते म्हणाले होते उद्या या. मी येतो म्हणालो आणि आलो नाही."

तिने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग सुनेला म्हणाली, "दूध बघ." आणि बाकावर बसली. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली.

"मग मी इतकी वर्सं कुनाला शिव्या दिल्या?"

तिने बोट माझ्याकडे केलं.

"तुमाला द्यायच्या व्हत्या त्या, व्हय?"

"हो."

"द्यायच्या तर ताकद न्हाई ऱ्हायली आता." ती उठली, पायांत चपला सरकवल्या. "चला. माझ्याम्होरं बोलून काय उपेग न्हाई. जिचं हाय तिला सांगा."

सरपंचांचं घर म्हणजे आता मजल्यांवर मजले चढवलेली इमारत होती. वर आयटीतल्या मुलांना खोल्या दिलेल्या, दोऱ्यांवर टी-शर्ट वाळत घातलेले, तळमजल्यावर सरपंचांची पत्नी. बाई उंबऱ्याशी आल्यावर थांबली. इतक्या वर्षांत तिने तो ओलांडला नव्हता. मग आत गेली आणि मीही मागोमाग गेलो. सरपंचीणबाई खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी आधी तिला पाहिलं. हातातली पाकळी खाली पडली.

"आक्का, ह्यो सायब काय म्हनतोय ऐका."

त्यांना ऐकू येत नव्हतं. मी म्हणालो, त्यांनी कानाशी हात नेला. मी पुन्हा म्हणालो. शेवटी मी ओरडूनच सांगितलं, "सरपंचांनी मला सोमवारी बोलावलं नव्हतं! मी माझ्या मनाने आलो होतो! मंगळवारी यायचं मी कबूल केलं होतं आणि मीच आलो नाही!" वरच्या गॅलरीत मुलं गोळा झाली. एकाने कानातलं काढलं आणि दुसऱ्याला विचारलं, "क्या हुआ?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी रडण्याची, शापाची, कशाचीही तयारी करून गेलो होतो. त्यांनी विचारलं, "का न्हाई आलासा?"

या प्रश्नाची उत्तरं मी वर्षानुवर्षं रचली होती. साहेब, अहवाल, मुंबई. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"देवाला गेलो होतो!" मी ओरडलो.

"आं?"

"देवाला! गणपतीला!"

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "त्ये बी त्या दिवशी जेवाया आलं न्हाई घरी. हुभं व्हतं दिसभर. मी भाकरी घिऊन गेले तर म्हनलं, आता येईल सायब, त्याच्यासंगं खातो."

टपरीवाल्या बाईने तोंड फिरवलं. मी म्हणालो, हे मला सगळ्या गावासमोर सांगायचं आहे, ग्रामसभेत. त्यावर तीच म्हणाली, "ग्रामसभा कुटली आता? पंचायतच न्हाई ऱ्हायली. महापालिका झाली. कुनाम्होरं सांगताय, ह्या भाडेकरूंम्होरं? आयकनाऱ्यातली निम्मी मेली, निम्मी जमिनी इकून गेली." मग म्हणाली, "लिवता येतं ना तुमाला? मग लिवा. छापून आलं तर कोनीतरी वाचून दावंल." म्हणून हे लिहिणं. त्यांनी मला क्षमा केली असं कुणी वाचू नये. क्षमेचा विषय कुणी काढला नाही. मीही नाही.

मी निघायला उठलो तेव्हा सरपंचीणबाईंनी हाताने बसायची खूण केली.

"त्या सोमवारी तुमच्यासंगं काय काय बोललं वो त्ये?"

मी सांगितलं. कुत्र्यांचं, देवाबरोबर पत्ते खेळण्याचं. प्रत्येक वाक्य ओरडून. त्या हसल्या, दात नसलेलं हसू. "आसलंच बोलायचं त्ये. आनि?"

मी आठवू लागलो, आणि कुठून कोण जाणे, एक गोष्ट वर आली. चहा ओतताना ते म्हणाले होते, गोड जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या, घरात साखरेवरून बोललो की दुसऱ्या दिवशी आणखी एक चमचा पडतो. हे इतक्या वर्षांत मला एकदाही आठवलं नव्हतं.

त्यांनी पदर तोंडाला लावला. टपरीवाल्या बाईचा हात धरून म्हणाल्या, "टाकायचीच मी. मुद्दाम टाकायची." आणि पुन्हा माझ्याकडे वळल्या. "आनि?"

मी शोधत राहिलो. ती सकाळ, तो दगड, त्यांचे हात. काही सापडेना. काहीतरी म्हणणं फार सोपं होतं. तुमचं कौतुक करत होते, असं म्हटलं असतं तरी त्यांनी ते आयुष्यभर जपलं असतं आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. वाक्य ओठांवर आलंही. पण या घराला मी एकदा एक शब्द देऊन गेलो होतो. तिथे आणखी एक खोटं वाक्य ठेवून जाणं मला जमेना.

"एवढंच आठवतं," मी म्हणालो.

त्यांना ऐकू गेलं नसावं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, पुढचं ऐकायला थोड्या वाकलेल्या.

"एवढंच!" मी ओरडलो.